कुणीतरी आधीच भरलेलं भाडं

राजाचं किंवा राणीचं डोकं नसलेली चकती हाती लागली की इंग्लंडातले बहुतेक नाणेवाले ती बाजूला टाकतात. मला रस आहे तो त्या बाजूला टाकलेल्या ढिगात.

इंग्लंडात उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी एखाद्या शेतात नाहीतर शाळेच्या मैदानावर गाड्या ओळीने लागतात, डिक्या उघडतात आणि घराघरातली अडगळ विकायला मांडली जाते. कार बूट सेल म्हणतात त्याला. बटणं, परदेशी चिल्लर, बंद पडलेली घड्याळं अशा सरमिसळ डब्यात हात घातला की कधीतरी एखादी चकती बोटांना लागते. पितळेची असेल तर गार आणि जड. ॲल्युमिनियमची असेल तर उचलली की नाही ते कळू नये इतकी हलकी. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, असेल तर पातळ, किंचित वाकलेली, लाल नाहीतर हिरवी. एका बाजूला अमुक तमुक कॉर्पोरेशन ट्रामवेज असं गोल फिरवलेलं नाव, दुसऱ्या बाजूला आकडा आणि त्यापुढे ‘डी’ हे अक्षर. ट्रामच्या किंवा बसच्या भाड्याचं टोकन. विकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. ‘‘पन्नास पेन्स दे आणि घेऊन जा,’’ म्हणतो.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘अगं, खरे पैसे देऊन खोटे पैसे घेतेस?’’ खोटे नाहीत गं, बसचे आहेत, मी म्हटलं. ‘‘मग बसमध्ये चालतात का?’’ आता नाही चालत. ‘‘मग खोटेच की!’’

तिचं चुकत नाही. पण या चकत्यांत एक गोष्ट आहे जी खऱ्या नाण्यात नसते. नाणं कुणाच्याही खिशात असू शकतं, त्यावरून काही कळत नाही. टोकन हातात आलं की मात्र बहुतेक वेळा समजायचं, की हे भाडं बसलेल्या माणसाने भरलेलं नाही. कुणीतरी ते आधीच, दुसरीकडे कुठेतरी, घाऊक भरून ठेवलंय. पोस्टखात्याने, शाळाखात्याने, पालिकेच्याच पाणीपुरवठा विभागाने. (काही कंपन्या प्रवाशांनाही मूठभर टोकनं सवलतीत विकत, पण त्यांची गंमत वेगळी.) आपल्याकडे बँकेत चेक दिला की पूर्वी पितळी टोकन मिळायचं, ते हातात असेपर्यंत बँक आपलं देणं लागते याची ती खूण. हीसुद्धा तशीच खूण आहे. देणं लागतं एका फेरीचं, एवढंच. ज्याने ही खूण पाडली त्याचं नाव ठसठशीत असतं आणि जो ती मुठीत धरून ट्राममध्ये चढला त्याचा मागमूस नसतो. टोकन ओळखायचं म्हणजे त्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचायचा प्रयत्न करायचा.

धातूची चकती भाडं भरल्याचा पुरावा म्हणून वापरायची ही कल्पना ट्रामच्याही आधीची आहे. १८३२ साली इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टर ते स्वानिंग्टन ही रेल्वे सुरू झाली. कोळसा वाहायला बांधलेली लाइन, माणसं जोडीला. तिथे प्रवाशांना पितळेची अष्टकोनी तिकिटं देत. त्यावर स्टेशनचं नाव आणि क्रमांक कोरलेला. उतरताना गार्ड ती परत घ्यायचा, ती पुन्हा आपापल्या स्टेशनात जायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडायची. कागदाचा खर्च नाही, छपाई नाही. पण गर्दी वाढली की पितळ मोजत कोण बसणार? त्याच दशकाच्या अखेरीस थॉमस एडमंडसन नावाच्या माणसाने, जो मूळचा लाकूडकाम करणारा आणि नंतर न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवरच्या मिल्टन नावाच्या छोट्या स्टेशनाचा मास्तर झाला होता, जाड पुठ्ठ्याची आधीच छापून क्रमांक घातलेली तिकिटं काढली. मुंबईच्या लोकलचं ते छोटं पुठ्ठ्याचं तिकीट ज्यांनी खिशात मोडून मोडून भिजवलंय, त्यांनी एडमंडसनचंच तिकीट हाताळलंय. रेल्वेत पितळ हरलं, पुठ्ठा जिंकला.

शहरातल्या ट्राम-बसमध्ये मात्र चकती टिकली, कारण तिथला प्रश्न वेगळा होता. मुंबईत ९ मे १८७४ ला कुलाब्याहून पायधुणीला घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा भाडं तीन आणे होतं आणि तिकीट म्हणून काही देतच नसत. तिकीट आलं ते फुकटे वाढले म्हणून, त्याच वर्षात. ब्रिटनमधल्या शहरांत तिकीट होतंच. कंडक्टर ते टोचायचा आणि घंटी वाजायची. पंचाईत होती ती ज्यांचं भाडं दुसरा कुणीतरी देणार होता त्यांची. पोस्टमन वर्दीत ट्राममध्ये चढतो, त्याला तिकिटाचे पैसे द्यायचे आहेत पोस्टखात्याने. तारेचा निरोप घेऊन धावणारा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा असतो, त्याच्या हातात रोख पेनी दिली तर तो चालत जाईल आणि पेनीची मिठाई खाईल. (मीही हेच केलं असतं.) तेव्हा खात्याने ट्रामच्या कचेरीतून टोकनं एकदम विकत घ्यायची, पोरांना वाटायची. त्या चकतीने मिठाई मिळत नाही. संध्याकाळी कंडक्टर आपल्या पिशवीतल्या नाण्यांबरोबर टोकनंही मोजून देणार आणि कचेरीचा हिशेब जुळणार.

म्हणजे टोकनात विश्वासही आहे आणि अविश्वासही. जा, तुझं भाडं आम्ही देतो, पण पैसा हातात देणार नाही. शाळकरी मुलं, अंध माणसं, कॉर्पोरेशनचे मीटर तपासणारे, निरोपे... अशा वेगवेगळ्या मंडळींसाठी वेगवेगळ्या गावांनी चकत्या पाडल्या आणि त्या त्या गावाचं आपल्या माणसांबद्दलचं मत त्यांच्यावर, नकळत का होईना, उमटलं.

आता ओळखण्याचं काम. यात मौज आहे आणि वैतागही भरपूर आहे.

पहिला वैताग आद्याक्षरांचा. चकती लहान, नाव लांब, म्हणून नुसतं ‘बी. सी. टी.’ असं काही तरी पाडून मोकळे. सी म्हणजे कॉर्पोरेशन, टी म्हणजे ट्रामवेज किंवा ट्रान्सपोर्ट, इथवर ठीक. पण बी? बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड, बोल्टन, ब्लॅकबर्न, ब्लॅकपूल, बर्कनहेड, बर्नली, सगळ्यांच्या स्वतःच्या ट्रामगाड्या होत्या. ‘एल’ने लीड्स, लेस्टर, लिव्हरपूल, लिंकन, लँकेस्टर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इथल्या जवळजवळ प्रत्येक बऱ्यापैकी गावाने ट्राम चालवणं हा आपल्या अब्रूचा प्रश्न केला होता, आणि त्यांतल्या कुणालाही वाटलं नाही की आपल्या अक्षरांचा आणखी कुणी धनी असेल.

अक्षरं फसवतात तिथे चित्र कधीकधी वाचवतं. गावाचं मानचिन्ह चकतीवर असेल तर निम्मं काम झालं. घुबडं दिसली तर लीड्स. पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती दिसला तर कॉव्हेंट्री. इंग्लंडच्या ऐन मध्यात हत्ती पाहून आपल्याला उगाच बरं वाटतं. आणि झाड, पक्षी, घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा असं सगळं एकत्र असेल तर डोळे मिटून ग्लासगो. त्या माशाची गोष्ट ग्लासगोच्या संत मुंगोची. राणीची हरवलेली अंगठी माशाच्या पोटात सापडते आणि तिच्यावरचा आळ टळतो. शकुंतलेची अंगठी ज्यांना माहीत आहे त्यांना ही गोष्ट अर्धी सांगितली तरी पुरते.

काळ ठरवायला दोनचार खुणा आहेत. ‘डी’ म्हणजे जुनी पेनी, बारांचा एक शिलिंग आणि दोनशेचाळीसांचा एक पौंड. १५ फेब्रुवारी १९७१ ला इथे दशमान नाणी आली, त्यानंतर ‘पी’. आपल्याकडे आणे-पैंचा हिशेब १९५७ मध्येच सुटला होता, तेव्हा या एका बाबतीत आपण साहेबाच्या चौदा वर्षं पुढे. दुसरी खूण धातूची. ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत १८८६ मध्ये सापडली. त्याआधी तो सोन्याचांदीच्या पंगतीत बसत होता, त्याची ट्रामसाठी चकती कोण पाडणार? तिसरी खूण नावातली. ‘ट्रामवेज’ असेल तर ते त्या खात्याचं जुनं नाव, पुढे बस आल्यावर बहुतेकांनी ‘ट्रान्सपोर्ट’ केलं. लंडनपुरतं बोलायचं तर १ जुलै १९३३ ला तिथल्या सगळ्या ट्राम, बस आणि भुयारी गाड्या एका मंडळाच्या हाताखाली गेल्या, त्यामुळे काउंटी कौन्सिलच्या ट्रामचं नाव असेल तर ती चीज त्याआधीची. मँचेस्टरच्या आसपासची कॉर्पोरेशनं १९६९ च्या नोव्हेंबरात एकत्र केली गेली, आणि १९७४ मध्ये तर इंग्लंडच्या जिल्ह्यांचीच नवी आखणी झाली. जुन्या पालिकांची नावं पुसली गेली ती बऱ्याचदा टोकनांवर तेवढी उरली. शेवटची खूण भिंग लागेल अशी, कडेला बारीक अक्षरात कारखानदाराचं नाव. लंडनचा नील, लीड्सचा आर्डिल. पण हे लोक दारूच्या गुत्त्यांपासून सहकारी दुकानांपर्यंत सगळ्यांसाठी चकत्या पाडायचे, म्हणून त्यांच्या नावावरून ‘ही ट्रामची’ असा निकाल लावता येत नाही.

आणि इथेच दुसरा वैताग. ट्रामच्या वाटणाऱ्या निम्म्या चकत्या ट्रामच्या नसतात. को-ऑप दुकानांची दुधाची आणि पावाची टोकनं तर ढिगाने सापडतात. बायका ती दुकानातून आधी विकत घेऊन ठेवत आणि रात्री रिकाम्या बाटलीजवळ दाराबाहेर ठेवत, सकाळी दूधवाला टोकन उचलून भरलेली बाटली ठेवून जाई. त्याच आकाराची, त्याच रंगांची, त्याच आद्याक्षरांची. मग गुत्त्यांची दोन-तीन पेनीची टोकनं, खाणीतल्या मजुरांच्या हजेरीच्या चकत्या, जत्रेतल्या यंत्रांत घालायची नकली नाणी. नुसता आकडा आणि गावाचं नाव असेल तर मी घाई करत नाही. ‘भाडं’, ‘ट्राम’, ‘बस’, ‘कार’ यांपैकी एखादा शब्द दिसल्याशिवाय ट्रामच्या डब्यात तिला जागा नाही. (कार म्हणजे इथे ट्रामचा डबा. मोटारगाडी नव्हे.)

सेल्युलॉइडची टोकनं मला सगळ्यांत आवडतात आणि त्यांचीच काळजीही जास्त. ग्लासगोने ती वेगवेगळ्या रंगांत काढली, म्हणजे कंडक्टरला आकडा वाचायची गरज नाही, रंगावरून किंमत कळते. बोटाने जोरात घासलं की कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइड करताना कापूर वापरतात; देवघरातला वास स्कॉटलंडच्या ट्रामला यावा हे मला फार आवडतं. पण त्याचं पीठ नायट्रोसेल्युलोजचं, ते पेट घ्यायला टपलेलं असतं. जुनी पुस्तकं तापवलेली सुई टोचून परीक्षा करा म्हणतात. करू नका. हवाबंद प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, सेल्युलॉइडमधून आम्लाची वाफ सुटते आणि ती आजूबाजूच्या टोकनांनाही खाते. कागदाच्या पाकिटात, वेगवेगळी, उन्हापासून लांब. पितळेचं म्हणाल तर आपले हात शिवशिवतात. समईला लावावी तशी चिंच लावावी, पितांबरीचा हात फिरवावा आणि लखलखीत करावं. तसं केलं की शंभर वर्षांचा तो तपकिरी साय धरलेला रंग जातो आणि बरोबर किंमतही.

एका टोकनाच्या मागे कोर्टकचेरीही असू शकते, हे मला बर्मिंगहॅमची गोष्ट वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. १९५३ मध्ये बर्मिंगहॅम कॉर्पोरेशनने ठरवलं, की पासष्टच्या पुढच्या बायका आणि सत्तरच्या पुढचे पुरुष यांना आपल्या बसमधून फुकट नेऊ. वरकरणी साधी, भल्या माणसांनी करावी तशी गोष्ट. पण एका करदात्याने दावा लावला, की बसचा तोटा आमच्या घरपट्टीतून भरला जाणार, मग आमच्या पैशाने हा दानधर्म करायचा अधिकार कॉर्पोरेशनला कुणी दिला? प्रेस्कॉट विरुद्ध बर्मिंगहॅम कॉर्पोरेशन हा तो खटला, कायद्याचे विद्यार्थी आजही तो वाचतात. कॉर्पोरेशन हरली. अपील कोर्टातही हरली. कोर्टाचं म्हणणं असं, की पालिका ही करदात्यांच्या पैशाची विश्वस्त आहे आणि बसचा धंदा तिने धंद्यासारखा चालवला पाहिजे. एका गटाला दुसऱ्यांच्या खर्चाने भेट देणं तिच्या अधिकारात बसत नाही.

याचा परिणाम असा झाला की देशभर जिथे जिथे असल्या सवलती होत्या त्या सगळ्या एका रात्रीत संशयित ठरल्या. संसदेला धावावं लागलं. १९५५ च्या कायद्याने तोवर चालू असलेल्या सवलती वाचवल्या, नव्या द्यायला मात्र मोकळीक दिली नाही. म्हणजे ज्या गावाने आधीच उदारपणा केला होता तिथली आजी फुकट जाणार, शेजारच्या गावातली पैसे मोजणार. ती मोकळीक मिळायला १९६४ चा कायदा यावा लागला. मला त्या करदात्याचा राग येत नाही. त्याने विचारलेला प्रश्नच तर प्रत्येक टोकनावर लिहिलेला आहे. भाडं कुणी भरलं? कोर्टाने फक्त तो मोठ्याने वाचला. न्यायमूर्तींचं उत्तर मला पटत नाही, ती वेगळी गोष्ट. गावाची बस दुपारी रिकामी धावते, तिच्यात चार म्हाताऱ्या बसल्या म्हणून घरपट्टीवाल्यांचं काय गेलं?

सवलतीला कायद्याने जागा मिळाल्यावर ती द्यायची कशी हा प्रश्न आला आणि टोकनांना दुसरा जन्म मिळाला. दशमान नाण्यांच्या काळात नॅशनल ट्रान्सपोर्ट टोकन नावाची टोकनं निघाली, १०, २०, ५० पेन्सची, एकाच गावापुरती नव्हे तर अनेक ठिकाणी चालणारी. पालिका वर्षातून एकदा वृद्धांना आणि अपंगांना ती वाटायच्या. ज्या खेड्यात दिवसाला दोनच बस येतात तिथे फुकट पासाचं काय करायचं? टोकन मात्र काही टॅक्सीवालेही घेत.

मला हा भाग आवडतो, कारण पासवर फोटो असतो, नाव असतं, टोकनावर नसतं. एका सेलमध्ये अशा टोकनांची पिशवी विकायला बसलेल्या बाईंनी सांगितलं, की ती त्यांच्या आईची. आईचे गुडघे गेले होते, ती बसने कुठे जातच नव्हती. पालिका टोकनं देत राहिली आणि आई ती शेजारच्या मुलीला देत राहिली, जी तिच्यासाठी गावातून सामान आणायची. नियमात हे बसत नसणार. पण तारवाल्या पोराने मिठाई खाऊ नये म्हणून काढलेली युक्ती शेवटी एका म्हातारीच्या हातात तिची स्वतःची छोटी टाकसाळ झाली, हे मला त्या सगळ्या कायद्यांपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

१ एप्रिल २००८ पासून इंग्लंडमध्ये साठीच्या पुढच्यांना (वयाची ही अट २०१० पासून वाढत गेली) देशभर कुठल्याही स्थानिक बसने, सकाळची गर्दी सरल्यावर, फुकट फिरता येऊ लागलं. पास फोटोचा. सोय मोठी आहे, तिला नावं ठेवणार नाही. टोकनांचं काम मात्र हळूहळू संपलं.

आता ब्रिटनमध्ये ट्रामभाड्याला जुनी चकती द्यायची हौस असेल तर डर्बीशरमधल्या क्रिच गावी ट्रामचं संग्रहालय आहे तिथे जावं. दारात तिकिटाचे आजच्या भावाने भरपूर पैसे घेतात आणि हातावर एक जुनी, मोठी, तांबूस पेनी ठेवतात. ट्राममध्ये चढल्यावर ती कंडक्टरला द्यायची, तो तिकीट देतो, मग दिवसभर हिंडा. हसू येतं ते यामुळे, की राजाचं किंवा राणीचं डोकं असलेलं ते खरंखुरं नाणं आता टोकन झालंय. दुसरीकडे कुठेही चालत नाही आणि भाडं आधीच भरलेलं आहे. ग्लासगोची शेवटची ट्राम ४ सप्टेंबर १९६२ ला धावली तेव्हा लोकांनी रुळांवर पेन्या ठेवल्या होत्या, चाकाखाली चपट्या झालेल्या आठवण म्हणून घरी न्यायला. तशी एखादी मिळाली तर ती मी नाण्यांत ठेवीन की टोकनांत, हे अजून ठरत नाही.

जाणकार संग्राहक दहा आणि वीस पेन्सच्या नव्या टोकनांकडे बघतही नाहीत. फार अलीकडची, फार मुबलक, किलोने मिळतात म्हणतात. त्यांना हवी असते घोड्याच्या ट्रामची, कुठल्याशा बुडालेल्या कंपनीची एकुलती एक चकती, आणि तिला पैसेही तसेच पडतात. मी मात्र सध्या हीच घेतेय. दहा पेन्सचं टोकन पन्नास पेन्सना मिळतं. आईला हा भाव अजून सांगितलेला नाही.